न उतरणारी बॅटरी

मंगळवारी संध्याकाळी पाचला पाच मिनिटं कमी असताना उस्ताज नझीह, म्हणजे नझीह मास्तर, फोन घेऊन बाल्कनीत जायचे आणि समुद्राकडे तोंड करून बसायचे. आपण कुणाच्याही फोनची वाट बघत नाही, असा त्यांचा चेहरा असायचा. त्या चेहऱ्यावर लेबनॉनच्या या अल-मीना गावातल्या मांजरानेसुद्धा विश्वास ठेवला नसता, आणि सिहाम तर पस्तीस वर्षं संसार केलेली बायको. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि कॉफीचं भांडं चुलीवर चढवायची.

पाचच्या ठोक्याला फोन वाजायचा. नझीह तो लगेच उचलायचे नाहीत. चार वेळा वाजू द्यायचे, मग फार मोठ्या कामातून उठवल्यासारखा घसा खाकरायचे.

“बाबा, झाड तहानलंय,” मॉन्ट्रियलहून मिर्ना म्हणायची.

“बरं. घालतो पाणी.”

“ठीक आहे मग.”

“ठीक.”

झालं, संपलं. बावीस सेकंद. एकुलती एक मुलगी अर्ध्या जगापलीकडे जाऊन बसलेली आणि बापलेकीचं बोलणं बावीस सेकंदांचं. फोन ठेवल्यावर नझीह आणखी दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसायचे. पुढचा फोन शुक्रवारी यायचा, आणि मधले तीन दिवस हा माणूस कसे ढकलायचा ते त्यालाच ठाऊक.

हे असं का होतं, ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी मिर्नाला तिकडे नोकरी लागली. तिने जेवताना बाबांना विचारलं, जाऊ का? नझीह म्हणाले, तिकीट काढून झाल्यावर परवानगी मागायची नसते. तिकीट खरोखरच काढून झालं होतं, त्यामुळे दोघांनाही पुढे बोलता येईना. बैरुतच्या विमानतळावर त्यांनी तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या, पासपोर्ट कुठल्या कप्प्यात ठेवलाय ते तीनदा विचारलं, आणि मुलीला जवळ घ्यायचं तेवढं राहून गेलं. ते राहिलं ते राहिलंच. मग मिर्ना दर रविवारी आईला फोन करू लागली. सिहाम म्हणायची, जरा बाबांशी बोल. नझीह वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचे, तिला सांग मी बरा आहे. सिहाम सांगायची, ते बरे आहेत. पलीकडून यायचं, त्यांना सांग मीही बरी आहे. दोघंही अगदी बरी होती, आणि दोघांच्या मध्ये सिहाम पोस्टमन झाली होती.

या जुलैत मिर्ना बारा दिवसांसाठी येऊन गेली. बारा दिवस बापलेक एकमेकांना मीठ, रिमोट आणि वर्तमानपत्र देत-घेत राहिले. शेवटच्या दोन दिवसांत मात्र ती बाल्कनीत ठाण मांडून बसली. बाल्कनीत अनंताचं झाड होतं, तिने शाळेत असताना लावलेलं. त्याच्या कुंडीत तिने दोन दातांचा एक काटा खुपसला. काट्याची वायर एका छोट्याशा बोर्डाला जोडली. पोस्टाची दोन तिकिटं शेजारी शेजारी ठेवली तर होईल एवढाच तो बोर्ड. दर तासाला जागं व्हायचं, मातीत ओल किती आहे ते बघायचं, घरातल्या वायफायवरून मिर्नाला कळवायचं आणि पुन्हा झोपायचं, एवढं त्याचं काम. बोर्ड लबनेच्या, म्हणजे घट्ट दह्याच्या, रिकाम्या डब्यात घातला, पाणी जाऊ नये म्हणून झाकण चिकटपट्टीने बंद केलं, आणि वर लिहिलं: उघडू नये.

आता याला वीज कुठली द्यायची? सरकारी वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते, आली तर कधी जाईल ते विचारायचं नसतं. उरलेला वेळ गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून विकत घेतलेले पाच ॲम्पिअर. त्यात फ्रिज लावला तर इस्त्री बंद, इस्त्री लावली तर गिझर बंद. घरोघरी त्यामुळे पॉवर बँका. दिव्याला एक, फोनला एक, वायफायच्या डब्याला एक. मिर्नाने स्वतःची नवीकोरी पॉवर बँक कठड्याला पिशवीत टांगली आणि बोर्डाची वायर तिच्यात खुपसली. डब्याच्या भोकातून आतला हिरवा दिवा दिसला, पॉवर बँकेवरचे चारही दिवे लागले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

“बाबा, हे तुमच्यावर सोपवते,” ती म्हणाली. “तहान लागली की मला तिकडे कळेल. मी तुम्हाला फोन करीन.”

“झाड सुकलं तर दिसतं मला. डोळे आहेत.”

“दिसेल हो. पण तरी करीन.”

आणि ती गेली. पाचव्या दिवशी, मंगळवारी, पहिला फोन आला. नझीहनी पाणी घातलं, झाडाकडे बराच वेळ बघितलं आणि सिहामला म्हणाले की यंत्र बरं केलंय पोरीने. चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला हा माणूस. त्यांच्या तोंडून ‘बरं’ हा शब्द ऐकायला मुलं वर्षभर झिजायची.

खरा धक्का त्यांना बसला तो पॉवर बँकेचा. रोज सकाळी ते तिचं बटण दाबून बघायचे. चार दिवे. आठवड्याने चार. तीन आठवड्यांनी चार. मास्तरच ते, कागद घेऊन बसले. बोर्ड किती खातो, बॅटरीत किती मावतं, भागाकार केला. कितीही हात राखून धरला तरी तीन आठवड्यांत बॅटरी उतरायला हवी होती. पाचव्या आठवड्यातही चार दिवे. दुसऱ्या कुणाच्या बॅटरीबाबत असं झालं असतं तर नझीहनी क्षणात दोष शोधला असता. पण ही मिर्नाची. त्यांनी भागाकारावर काट मारली आणि ठरवलं की गणित चुकलं असेल, मुलगी चुकणार नाही.

मग काय विचारता. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात रोज संध्याकाळी त्यांचं व्याख्यान सुरू झालं. माझ्या मुलीने असं यंत्र केलंय की ते काम करतं आणि वीज खातच नाही. आयुष्यभर ॲम्पिअर मोजत जगलेली माणसं ती, कान टवकारून ऐकायची. एकाने विचारलं, असा फ्रिज करता येईल का तिला? जनरेटरवाला अबू नासिफ तिथेच पत्ते खेळत असायचा. असली यंत्रं घरोघर आली तर मी मासे विकायला बसतो, असं तो म्हणाला, आणि त्या रात्री नझीह फार खुशीत घरी आले.

मुलीचं कौतुक गावभर सांगणारा हा बाप मुलीशी बोलताना मात्र मुका. तयारी नसायची असं नाही. मंगळवारी सकाळपासून ते मनात यादी करायचे. जिन्यातल्या मांजरीला चार पिल्लं झाली. तिच्या जुन्या वर्गातल्या एकाचं लग्न ठरलं. काल समुद्र इतका खवळला की रस्त्यावर पाणी आलं. तुझ्या खोलीची खिडकी रंगवली. सगळं पाठ. फोन वाजायचा, ती म्हणायची झाड तहानलंय, आणि हे म्हणायचे बरं. यादी तशीच पोटात राहायची आणि शुक्रवारपर्यंत शिळी व्हायची.

तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की एका फोनमध्ये जमत नाही तर फोनच वाढवावेत. आणि फोन वाढवायची किल्ली तर बाल्कनीतच होती. झाड तहानलं की फोन. मग झाड जास्त तहानलं की जास्त फोन. चौतीस वर्षं पोरांना नियम शिकवलेल्या माणसाला हा नियम सुचायला वेळ लागला नाही. ऑगस्टच्या एका शुक्रवारी त्यांनी फोनवर सांगितलं घालतो, आणि घातलंच नाही.

रविवारी मिर्नाने आईशी बोलून झाल्यावर त्यांच्या फोनवर वेगळा फोन केला. बाबा, झाड अजून तहानलेलंच दिसतंय. नझीहचा आनंद पोटात मावेना. नियम सिद्ध झाला. त्या दिवसापासून त्यांनी झाडाला थेंब दिला नाही. आठवड्याला तीन फोन येऊ लागले. अपराधी वाटायचं, खोटं कशाला बोला. सिहाम आसपास नसली की ते झाडाची पानं पुसायचे आणि म्हणायचे, माफ कर रे, तुझ्याशिवाय दुसरं साधन नाही मला. झाडही मोठं चिवट निघालं. पानं हिरवीगार, एक पिवळं पडेल तर शपथ. मातीत बोट घालून बघावं असं नझीहच्या मनातही आलं नाही. यंत्र लावलेलं असताना मातीत बोट घालणं हा मुलीचा अपमान झाला असता.

असं ऑक्टोबरपर्यंत चाललं. मग तो मंगळवार आला. मिर्नाने नेहमीसारखं सांगितलं, यांनी नेहमीसारखं बरं म्हटलं. पण ती ठीक आहे म्हणाली नाही.

“बाबा, आणखी काही?” तिने विचारलं.

मांजरीची पिल्लं, लग्न, समुद्र, खिडकी, सगळी यादी तयार होती.

“आणखी काय?” नझीह म्हणाले. “झाड एकच आहे.”

ती हळूच म्हणाली, “हो. खरंय.” आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी पाच वाजता फोन आला नाही. सहालाही नाही. नझीह बसल्या जागेवरून हलले नाहीत, कॉफी गार झाली. रविवारी तिने आईला फोन केला. नझीहनी वर्तमानपत्र उलटं धरलंय हे सिहामने बघितलं आणि सोडून दिलं. नंतर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, झाडाचं काही म्हणाली का? सिहाम म्हणाली, नाही बाई, झाडाचं नावच काढलं नाही. पुढचा मंगळवारही कोरडा गेला. आपण काय बोलून बसलो ते नझीहना पुरतं कळलेलं होतं. रोज शंभर वेळा ते वाक्य कानात वाजायचं. आपण उलटा फोन करावा असं वाटायचं, बोट तिच्या नावापर्यंत जायचं आणि परत यायचं. फोन करून म्हणायचं काय? झाड तहानलंय असं तर ती म्हणणार. आपल्याकडे म्हणायला काय आहे?

एकच उपाय उरला होता. झाड अजून पुरतं वाळलेलं नसणार. ते इतकं कोरडं करायचं की यंत्राने तिकडे बोंब ठोकावी आणि पोरीला फोन करावाच लागावा.

नवव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, सिहाम बहिणीकडे गेली. नझीहनी तिचं केस वाळवायचं यंत्र काढलं, बेडरूममधून लांब वायर ओढत बाल्कनीत आणली आणि झाडाच्या बुंध्याशी गरम वारा सोडला. चार सेकंद चाललं असेल. घरातली वीज गेली. पाच ॲम्पिअरच्या वर गेलं की रस्त्यावरच्या पेटीतला खटका पडतो आणि तो फक्त अबू नासिफ उचलतो. नझीहनी त्याला फोन केला, म्हणाले पडला बुवा कसा कोण जाणे. त्याने उचलला. मग यांनी फ्रिजची पिन काढली, वायफायचा डबा स्वतःच्या बॅटरीवर होता म्हणून तो ठेवला, आणि पुन्हा सुरू केलं. सात सेकंद. अबू नासिफ दुसऱ्यांदा खटका उचलताना म्हणाला की उस्ताज, घरात काय वितळवताय? पुन्हा पडला तर उद्या सकाळीच बघीन.

तिसऱ्यांदा त्याला फोन करण्यात अर्थ नव्हता. पण विजेचा धडा चौतीस वर्षं शिकवलेला माणूस असा हरत नाही. जिन्यात, त्यांच्या दारासमोर, झाडलोटवालीसाठी एक प्लग होता. तो इमारतीच्या सामायिक लाइनवर, आणि तिथे पाचाची मर्यादा नव्हती. नझीहनी इकडे तिकडे बघितलं, वायर दाराखालून सरकवली आणि प्लगला लावली. या वेळी यंत्र झकास चाललं. पूर्ण एक मिनिट. मग जिन्यातला दिवा विझला, आणि कुठून तरी खालून एक ओळखीचा आवाज भिंतीतून ऐकू येऊ लागला.

सामायिक लाइनवर लिफ्टही होती, आणि लिफ्टमध्ये सिहाम होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, दोन पिशव्या आणि बहिणीने दिलेल्या ऑलिव्हच्या बरणीसकट. तिने अबू नासिफला फोन लावला. तो धापा टाकत वर गच्चीवर गेला, हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घेतली आणि सिहामला बाहेर काढलं. मग दोघं जिन्याने वर आली आणि त्यांनी दारासमोरची वायर बघितली. वायर दाराखालून आत जात होती. ती वायर धरून दोघं दिवाणखान्यातून, बेडरूमच्या दारावरून, बाल्कनीत आली.

तिथे उस्ताज नझीह केस वाळवायचं बंद यंत्र कुंडीवर रोखून उभे होते.

सिहामने पिशव्या खाली ठेवल्या. “केस तर तुला नाहीत,” ती म्हणाली.

नझीहना पटेल असं खोटं सुचेना. पहिल्यांदा म्हणाले की मातीला कीड लागली होती. मग म्हणाले की मुळांना हवा. अबू नासिफ दारात कमरेवर हात ठेवून उभा होता आणि सिहाम नुसती बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यापुढे यांचं आजवर काही टिकलेलं नव्हतं.

“झाड वाळवतोय,” शेवटी ते म्हणाले. “वाळलं की ती फोन करते. नऊ दिवस झाले, तिने केला नाही. मला राहवत नाही, सिहाम.”

अबू नासिफने कमरेवरचे हात काढले आणि उगाचच कठड्याबाहेर बघितलं. सिहाम स्टुलावर बसली. बसली ती हसावं की रडावं हे न ठरवताच.

“आणि म्हणून पाणी घालत नव्हतास?”

“ऑगस्टपासून.”

“मला वाटलं तू विसरायला लागलास. वय झालं, म्हटलं. तुला वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही. तू पाव आणायला गेलास की रोज पहाटे मीच घालते. भरपूर घालते. बोट घालून बघ.”

नझीहनी बोट घातलं. काळीभोर, थंडगार माती. चिखलच म्हणा ना. अडीच महिने ते ज्याची क्षमा मागत होते ते झाड त्यांच्यापेक्षा जास्त पाणी पीत होतं. बोट पुसताना त्यांच्यातला मास्तर जागा झाला. माती ऑगस्टपासून ओली. मग मिर्नाला ऑगस्टपासून दर तीन दिवसांनी तहान कसली दिसत होती? म्हणजे यंत्र चुकतंय. हे मान्य करताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

अबू नासिफने खिशातून पेचकस काढला. उघडू नये हे वाचलं आणि उघडलं. आत हिरवा दिवा विझलेला. त्याने पॉवर बँकेचं बटण दाबलं, चार दिवे लागले. मग वायर उपसून परत खुपसली. हिरवा दिवा लागला. नझीह पुढे झुकले. अबू नासिफ मनात आकडे मोजत होता. अर्धं मिनिट झालं आणि दिवा आपोआप विझला.

“यंत्र ठणठणीत आहे, उस्ताज. ही बॅटरी त्याला ओळखत नाही,” तो म्हणाला. “ही फोनसाठी केलेली. फोन कसा घटाघटा पितो. तुमचा हा बोर्ड तासातून एकदा जिभेला लावण्यापुरतं घेतो आणि झोपतो. हिला वाटतं कुणी जोडलेलंच नाही. म्हणून बंद होते. मी किनाऱ्यावर तंबू ठोकतो तेव्हा तिथल्या बारक्या दिव्याला असंच व्हायचं.”

“कमी वीज खाल्ली म्हणून बंद?”

“अगदी. मी जास्त खाणाऱ्याची तोडतो, ही कमी खाणाऱ्याची तोडते.”

नझीहनी कठड्याला धरलं. सगळं आयुष्य या गावाने कमी खायला शिकवलं, आणि हे एक यंत्र निघालं ज्याला कमी खाल्ल्याची शिक्षा होते. आणि तेच आपण कॉफीच्या दुकानात छाती फुगवून सांगत होतो. मग त्यांच्या लक्षात आलं की खरा प्रश्न तो नाहीच.

“कधीपासून बंद असेल?”

अबू नासिफने चार दिव्यांकडे बघितलं. “एकही उतरलेला नाही. पहिल्याच दिवशी. पोरगी टॅक्सीपर्यंत पोचायच्या आत.”

खाली बंदरात कुणीतरी बोटीवर हातोडी मारत होतं. बोर्डाने मॉन्ट्रियलला एकदाही, एका शब्दानेही काही कळवलेलं नव्हतं. तीसेक फोन आले होते. ‘बाबा, झाड तहानलंय.’ तीसेक वेळा.

“म्हणजे ती आपल्या मनानेच करत होती,” सिहाम म्हणाली. तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. “नऊ दिवसांपूर्वी तू काय बोललास तिला?”

नझीहनी सांगितलं. झाड एकच आहे, हे आपलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आणि मोठ्याने म्हटल्यावर ते होतं त्याहून वाईट वाटलं. अबू नासिफ म्हणाला की बॅटरीला जोडून एक बारका बल्ब लावला की ती झोपणार नाही, मी उद्या आणून देतो. नझीह म्हणाले, बघू. तो जायला निघाला, दारात थांबून त्याने बजावलं की लिफ्टची शिक्षा म्हणून तुमची लाइन आज बंदच राहील, आणि जाताना वायर मात्र नीट गुंडाळून ठेवून गेला.

पाच वाजत आले होते. तिकडे सकाळचे दहा, ती ऑफिसात असणार. नझीहनी फोन हातात घेतला. सात टक्के. या खेपेला बोट परत आलं नाही. एकदाच वाजला आणि तिने उचलला.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

घरून अवेळी फोन आला की परदेशातल्या प्रत्येक पोराच्या तोंडून पहिलं हेच निघतं, आणि बापाने तर दीड वर्षात पहिल्यांदा फोन केलेला. नझीहना स्वतःची लाज वाटली.

“बरी आहे. जरा लिफ्टमध्ये अडकली होती.”

“मग झाड?”

“झाडही बरं आहे.”

“मग काय झालंय?”

“काही नाही. तू नऊ दिवस फोन केला नाहीस.”

ती सांभाळून म्हणाली, “यंत्राकडून काही निरोप नव्हता, बाबा.”

“हो. ते खरं बोलतेस. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे. आत्ताच अबू नासिफने उघडून दाखवलं.”

फोन गेला की काय म्हणून नझीहनी तो कानापासून दूर धरून बघितला. पाच टक्के.

“मला माहीत होतं,” मिर्ना म्हणाली. “इथे उतरले त्याच दिवशी कळलं. काहीच येत नव्हतं.”

“मग सांगायचंस. वायर काढून घातली असती, बल्ब लावला असता. दोन मिनिटांचं काम.”

“मग ते चाललं असतं ना. आणि तुम्ही इतके शिस्तीचे, तुम्ही त्या झाडाला कधी तहानू दिलं असतंत का? मला फोन करायला काय राहिलं असतं?”

नझीहनी डोळे मिटले. काही गोष्टी कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. “मिर्ना, मी ऑगस्टपासून त्याला एक थेंब पाणी घातलेलं नाही. तुझे फोन यावेत म्हणून. तुझ्या आईने जगवलं ते.”

पलीकडून हसू. तिचं ते जुनं, नाकातून सुरू होणारं हसू, आणि त्यातच मधे कुठेतरी हुंदका. कुणीतरी इंग्रजीत तिला विचारत होतं की बरी आहेस ना, आणि ती सांगत होती की हो, हो, माझे बाबा आहेत.

“तुझी फार आठवण येते,” नझीह म्हणाले. एकदा निघाल्यावर ते सोपं होतं. “त्या दिवशी विमानतळावर तुला जवळ घ्यायचं होतं मला. नुसता बॅगा उचलत राहिलो.”

“मला माहीत आहे, बाबा. मीही नुसती पासपोर्ट दाखवत राहिले.”

फोनने कुरकुर केली. तीन टक्के. घरात वीज नाही. सिहामने कठड्यावरची पिशवी उतरवली, बोर्डाची वायर काढली आणि ती पॉवर बँक नवऱ्याच्या फोनला जोडली. जुना, खादाड फोन तो. बॅटरीने त्याला लगेच ओळखलं.

मग नझीह बोलू लागले. जिन्यातली मांजर आणि तिची पिल्लं, त्यातलं एक आंधळं होतं ते सिहामने कसं वाढवलं. तिच्या वर्गातल्या त्या मुलाचं लग्न, आणि तो तिच्याबद्दल दोनदा विचारून गेला ते. रस्त्यावर आलेला समुद्र. खिडकीचा रंग, जो डब्यावर निळा होता आणि लावल्यावर हिरवा निघाला. मिर्ना विचारत गेली, मधेच तिचं सांगत गेली. तिकडे तिच्या खोलीतून फक्त एक भिंत दिसते, ऑफिसात तिचं नाव कुणालाच नीट घेता येत नाही, ती दर मंगळवारी कॉफीची सुट्टी पाच मिनिटं आधी घेते. सिहामने दोनदा कॉफी आणली, दोनदा ती प्यायलीही गेली. समुद्र काळा झाला, अंधार पडला. तीन महिने हललेली नव्हती ती बॅटरी, एकेक दिवा विझवत शेवटच्या दिव्यावर आली आणि तोही लुकलुकायला लागला.

“बाबा, आवाज तुटतोय. ठेवू का?”

“ठेवू नकोस. थांब.” नझीहनी फोनवर हात ठेवला आणि आत हाक मारली. “सिहाम, घरात आणखी कुठल्या बॅटऱ्या आहेत? सगळ्या आण.”